फ्यूल प्रेशर कमी पडते म्हणून पंप बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे गेला की जुन्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी दुपारी सीताबर्डीत वीस मिनिटे उभी राहिली, की बॅटरी दमेपर्यंत सेल्फ मारूनही सुरू होत नाही. अशा वेळी बहुधा थेट टाकीतला फ्यूल पंप बदलला जातो, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. प्रेशर मोजल्याशिवाय एकही भाग बदलू नये.

मोजणीच्या आधी एक साधी परीक्षा घरी करता येते. गरम गाडीची किल्ली ऑन करावी, पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर थांबू द्यावी, किल्ली बंद करावी आणि असे तीन वेळा करून मगच सेल्फ मारावा. गाडी लगेच सुरू झाली, तर इंजिन बंद असताना लाइनमधले प्रेशर उतरते आहे आणि इंजिनच्या उष्णतेने तापलेल्या रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) पेट्रोलची वाफ होते आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. याचे कारण पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे परतू न देणारी झडप) असू शकते, गळणारा इंजेक्टर असू शकतो किंवा प्रेशर नियंत्रित करणारा रेग्युलेटरही असू शकतो. रेग्युलेटरपासून इंजिनकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून पाहावी. तिच्यात पेट्रोलचा ओलावा आढळला, तर रेग्युलेटरच्या आतला पडदा बहुधा फाटला आहे असे समजावे.

प्रेशर मोजणारे गेज लावताना लाइनमधले प्रेशर न उतरवता जोड उघडण्याची चूक मात्र जिवावर बेतू शकते. इंजिन थंड असावे, पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी आणि जोड सैल करताना त्यावर जाड फडके धरावे. लाइनमध्ये प्रेशर उरलेले असेल, तर पेट्रोलची पिचकारी डोळ्यांत किंवा तापलेल्या सायलेन्सरवर जाते.

दुसरी मोठी चूक म्हणजे स्लोवरचा (ॲक्सिलरेटर न दाबता चालू इंजिनचा) एकच आकडा पाहून समाधान मानणे. रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या जुन्या रचनेत स्लोवर साधारण २.५ बारच्या आसपास प्रेशर दिसते आणि व्हॅक्यूमची नळी काढताच ते सुमारे अर्ध्या बारने वाढायला हवे. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरावा. (रेग्युलेटर टाकीतच असेल, तर ही नळीची परीक्षा लागू होत नाही.) अडलेला फिल्टर किंवा थकलेला पंप स्लोवर ठीक दिसतो, कारण तेव्हा पेट्रोल लागतेच किती? वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना पिकअप मिळत नसेल, तर गेज पुढच्या काचेच्या बाहेरून घट्ट बांधून दुसऱ्याला वाचायला बसवावे आणि जोर देताच काटा खाली येतो का, हे पाहावे. गेज गाडीच्या आत कधीही घेऊ नये.

माझ्या स्वतःच्या गाडीत दोन पंप बदलूनही झटके कायम होते. शेवटी चालू इंजिनवर पंपाच्या कनेक्टरपाशी मीटर लावला, तेव्हा बॅटरीवर १३.८ आणि तिथे जेमतेम ११ व्होल्ट दिसले. मागच्या सीटखाली अर्थच्या तारेचा बोल्ट हिरवट गंजाने भरला होता. तो पॉलिश पेपरने घासून घट्ट केला आणि गाडी सुधारली. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक असेल, तर दोष पंपाचा मानण्याआधी वायरिंग तपासावे.

टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे उन्हाळ्यात सतत रिझर्व्हवर फिरणे त्याला मारक ठरते. गॅस किट बसवलेल्या गाडीत गॅसवरही पंप फिरत असेल, तर टाकी कोरडी ठेवणे त्याहून वाईट. शिवाय आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. म्हणून नळी बदलताना कमी प्रेशरच्या कार्ब्युरेटरच्या गाडीची साधी नळी कधीही जोडू नये. इंजेक्शनचीच नळी घ्यावी, आणि टाकीच्या आतल्या तुकड्यासाठी तर पेट्रोलमध्ये बुडून टिकणारी वेगळी नळी लागते. काम झाल्यावर किल्ली ऑन करून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवावा आणि तो ओला होत नाही ना, हे पाहूनच इंजिन सुरू करावे.