पुस्तक सुचवायचंय? मग नुसतं "अप्रतिम, नक्की वाचा" लिहून सोडून देऊ नका

वाचनाचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा, पुस्तकाच्या कव्हरचा फोटो, खाली "अप्रतिम! प्रत्येकाने आवर्जून वाचावं, संग्रही असावं असं", मग चार अंगठे, दोन "लिस्टमध्ये टाकलं", आणि वाचत कोणीच नाही. यात पुस्तकाचा काय दोष, समोरच्याला एवढंच कळत नाही की हे माझ्यासारख्याला झेपेल का, आज जेवण झाल्यावर उघडलं तर पुढे सरकेल का. ते सांगितलं की काम झालं, त्याला साहित्यात एमए लागत नाही.

सगळ्यात आधी, कोणी "काहीतरी चांगलं सुचव ना" म्हटलं की लगेच आपलं लाडकं पुस्तक पुढे करू नका. शेवटचं पूर्ण वाचून झालेलं पुस्तक कुठलं ते विचारा. आवडतं विचारलंत तर लोक 'मृत्युंजय' आणि पुलं सांगून मोकळे होतात, ते बऱ्याचदा शाळेतलं वाचन असतं. "पूर्ण झालेलं" म्हटलं की जरा अडखळतात आणि मग खरं काय ते बाहेर येतं. कोणी म्हणालं अगं सगळी अर्धवटच पडलीयत, तर त्याला रंगनाथ पठाऱ्यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' नका देऊ, तुम्ही त्यावर कितीही फिदा असा, तो ठोकळा बघूनच माणूस दचकतो. त्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्या. 1955 ची आहे पण भाषा कुठे जड नाही, वाक्यं छोटी, पुस्तकही छोटं, दोन-तीन बैठकांत संपतं आणि "संपवलं बाबा एकदाचं एक" हा आनंद मिळतो, जो अशा माणसाला फार गरजेचा असतो.

आता लिहायचं काय. अख्खी गोष्ट सांगत बसू नका प्लीज. सुरुवातीची परिस्थिती सांगायची आणि तिथेच थांबायचं. 'बनगरवाडी'साठी एवढं पुरतं: माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे नवीन लागलेला कोवळा मास्तर, आणि शाळेत पोरंच नाहीत. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'साठी: दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, आणि एक मराठी माणूस त्यांच्यातल्याच एका मुलीत गुंततो. बास. पुढचं एक अक्षर नाही. "शेवट वाचून मी रडले" हेसुद्धा नको, कारण मग वाचणारा पहिल्या पानापासून रडायची वाट बघत बसतो. आणि 'कोसला'बद्दल बोलताना नायकाच्या धाकट्या बहिणीचं काय होतं हे सांगणाऱ्यांना तर ग्रुपमधून काढूनच टाकलं पाहिजे.

मग ते पुस्तक वाचायला कसं जातं ते सांगा. लोक हे सांगतच नाहीत आणि मला विचाराल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. कुठे अडकायला होतं, कुठपर्यंत दम धरायचा, कधी वाचायचं. नंदा खऱ्यांचं 'उद्या' घ्या, 2014 चं, याच पुस्तकाला 2020 चा साहित्य अकादमी जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. ही बातमी सांगून लोक पुस्तक सुचवतात, पण बातमीने पुस्तक वाचून होत नाही ना. त्यापेक्षा असं लिहा: जवळच्याच भविष्यकाळातलं आहे, सगळ्यांवर सतत नजर, मुलींची संख्या घटलेली, पात्रं बरीच आहेत आणि सुरुवातीला कोण कुठला हे डोक्यात बसत नाही, पण ते धागे लगेच जुळवायच्या नादाला लागू नका, वाचत राहा. दिवसभर थकून आल्यावर वाचायचं नाही, रविवारी सकाळी डोकं ताजं असताना घ्या. एवढं लिहिलंत की ज्याला नकोय तो आपणच बाजूला होतो, आणि तेही चांगलंच की.

माझ्या मैत्रिणीला मी परवा पाठवलेला मेसेज जसाच्या तसा देते: "तुला रस्ते, पूल, साइटवरची भांडणं यात इंटरेस्ट आहे ना, मग पेंढारकरांचं रारंग ढांग घे. मुंबईचा इंजिनिअर हिमालयात बॉर्डर रोड्सच्या कामावर जातो, उभ्या कड्यातून रस्ता काढायचाय, आणि लष्करी शिस्त आणि याचं डोकं काही जमत नाही. हिरॉइन वगैरे शोधू नकोस. सुरुवातीला रँका आणि हुद्दे येतात तिथे थांबू नको." बघा, यात कुठेही "उत्कृष्ट" नाही, "ओघवती शैली" नाही. ओघवती शैली या शब्दावर तर माझा खासच राग आहे, तो कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतो.

ललितेतर, म्हणजे कथा-कादंबरी नसलेल्या पुस्तकाला थोडं वेगळं लागतं. तिथे सांगणारा कोण, त्याने ते कधी लिहिलं आणि किती भरवसा ठेवायचा हे सांगावं लागतं. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' हे नुसतं "1857 चा आँखो देखा हाल" म्हणून फॉरवर्ड होतं. अहो पण भटजी कोकणातल्या वरसईहून निघाले ते दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला, बंडाशी त्यांचा काही संबंध नव्हता, वाटेत त्यात सापडले आणि झाशीला वेढा पडला तेव्हा आत शहरात होते. आणि लिहिलं ते दोन तपांहून जास्त काळाने, आठवणीतून. छापलं गेलं 1907 मध्ये, ते चिं. वि. वैद्यांचा हात फिरून, मूळ हस्तलिखितावरून पोतदारांनी काढलेली आवृत्ती बरीच नंतरची. म्हणजे सुचवताना कुठली आवृत्ती तेही लिहायचं, नाहीतर दोघं दोन वेगळी पुस्तकं वाचून वाद घालत बसतात. भाषा जुनी आहे हेही आधीच सांगा, थोडी पानं गेली की कान सरावतो.

आत्मचरित्र द्यायचं असेल तर मी नेहमी एक पान उघडून देते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं, घरात बाहेरून काय आलं की धू, कोणाचा वारा लागला की आंघोळ, आणि त्यात घरच्या बायका-पोरांचे जे हाल होतात ते बाई इतक्या गमतीत सांगतात की हसता हसता आपण गप्प होतो. तेवढीच पानं मोठ्याने वाचून दाखवा. "महाराष्ट्रातील श्रेष्ठ आत्मचरित्र" म्हटलं की पोरं पळतात, हे वाचून दाखवलं की पुस्तक हातातून ओढून घेतात.

अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव टाकाच. 'पाडस' राम पटवर्धनांचं, 'चौघीजणी' शांता शेळक्यांचं, मराठीत ती गाजली यात या दोघांचा वाटा केवढा मोठा आहे.

आणि शेवटी, पीडीएफ. सुचवलं की लगेच "पीडीएफ आहे का?" येतंच. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे लक्ष्मीबाई 1936 ला गेल्या, त्यांचं पुस्तक केव्हाच मोकळं झालंय, ते बिनधास्त पाठवा. माडगूळकर 2001 ला गेले, त्यांचं नाही पाठवायचं. त्याऐवजी पुस्तक कुठे मिळेल ते लिहा, पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक आहेच, नाहीतर गावातल्या वाचनालयात विचारायला सांगा, किंवा सरळ आपली कॉपी द्या. देताना आत पेन्सिलने नाव आणि तारीख टाकून ठेवा, परत मागायला बरं पडतं. आणि रोज उठून "कुठपर्यंत आलीस?" नको, महिनाभराने एकदा विचारा, नसेल झालं तर पुस्तक घेऊन या आणि दुसरं द्या.