गप्पी मादी दुसरीचं बघून नर निवडते का? तपासायची रीत

डासांच्या अळ्या खायला टाक्या-विहिरींत सोडतात तोच गप्पी. पण या प्रयोगाला विहिरीतल्या माद्या नकोत. त्या आधीच फळलेल्या असतात, नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवतात आणि नव्या नराकडे फारसं बघत नाहीत.

दुकानातून गाभण मादी आणा आणि तिची पिल्लं वाढवा. तीन आठवड्यांनंतर रोज बघा. पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता होऊ लागला की तो नर, त्याच दिवशी वेगळा काढा. एक जरी नजरेतून सुटला तरी सगळी वीण वाया. माद्या तीन-चार महिन्यांच्या झाल्या की घ्या. नर मात्र दुसऱ्या विणीतले हवेत, आकाराने आणि नारिंगी ठिपक्यांनी शक्य तितके सारखे.

60 सेंमी लांब, 30 रुंद टाकीत 15 सेंमी पाणी भरा, म्हणजे 27 लिटर. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघडं भरून ठेवा. दोन्ही टोकांना 10 सेंमीवर काच लावून एकेक नर आत सोडा. काचेपासून आणखी 10 सेंमीवर बाहेरून मार्करने रेघ मारा. पाणी 25-26 अंश हवं. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरच्या रात्री गार असतात, हीटर नसेल तर मासे सुस्तावतात आणि नोंदी फसतात.

आधी मादीला 10 मिनिटं मोकळी सोडा आणि कुठल्या रेघेआड ती किती सेकंद होती ते मोजा. मग तिला मधोमध तळ कापलेल्या पारदर्शक बाटलीखाली ठेवा. जो नर तिला कमी आवडला, त्याच्या काचेला लागून दुसऱ्या बरणीत दुसरी मादी ठेवा. 10 मिनिटांनी बरणी काढा, बाटली अलगद वर उचला आणि पुन्हा 10 मिनिटं मोजा. मोबाइल स्टँडवर लावून चित्रीकरण करा. टाकीवर वाकून बघितलंत तर मासा कोपऱ्यात दडून बसतो.

हमखास चूक इथे होते: गप्पी माद्या घोळक्याने राहतात. ती नराकडे गेली की नुसती मैत्रिणीच्या जागेकडे? म्हणून हाच प्रयोग नरांशिवायही करा. तिथेही ती त्याच बाजूला गेली, तर तुमचा निकाल नराबद्दल काहीच सांगत नाही. खिडकीचा उजेड एकाच बाजूला असेल तर निम्म्या वेळा नरांच्या जागा बदला.

20 वेगवेगळ्या माद्या घ्या, एकीला दोनदा नको. 20 पैकी 15 किंवा जास्त जणींनी दुसरीचा नर उचलला तर तो योगायोग म्हणता येत नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ली ड्युगाटकिन यांना 1992 मध्ये 17 मिळाल्या होत्या. पुढे काहींना तसं मिळालं नाही, त्यामुळे तुमचा आकडा 11 आला तरी तो तसाच लिहा. नारिंगी रंगातला फरक 40 टक्क्यांवर गेला की मादी नक्कल सोडते आणि सरळ रंग बघते, हेही ड्युगाटकिन यांनीच दाखवलं.

अशा नकलेने एका डबक्यातल्या माद्यांची आवड एकसारखी होते, पण एवढ्याने नवी जात फुटत नाही. शिकलेल्या आवडीतून जात फुटते ती शिकवण घरट्यातून आली तर. आपला कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढून कुहूच म्हणतो. आफ्रिकेतल्या इंडिगोबर्ड या परक्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्याचा नर मात्र पालक पक्ष्याचं गाणं शिकतो, आणि त्याच घरट्यांत वाढलेल्या माद्या ते गाणं ऐकून त्याला निवडतात. अंडी चुकून नव्या पालकाकडे पडली की पुढच्याच पिढीत वेगळा गट तयार.

प्रयोग संपल्यावर मासे घरच्या टाकीत ठेवा किंवा दुकानात परत द्या. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. गप्पी बाहेरचा आहे, इथल्या छोट्या माशांचं खाणं आणि पिल्लं दोन्ही फस्त करतो.