हवामान बदलावर वस्तीत कार्यक्रम घेताय? या चुका टाळा

असा कार्यक्रम बहुतेक वेळा पहिल्याच स्लाइडला पडतो. पडद्यावर हिमनगावरचं अस्वल येतं आणि मागच्या बायका नळाला पाणी आलं का ते बघायला उठतात. कुर्ल्याच्या वस्तीत किंवा परळच्या चाळीत सुरुवात करायची तर गल्लीत पाणी कुठवर चढतं तिथून करा. तिथल्याच कोणाच्या तरी हातात खडू द्या आणि भिंतीवर खूण करायला सांगा. ‘गुडघाभर होतं’, ‘छे, कमरेला लागलं होतं’ असा वाद झाला की समजा, लोक आता बसून ऐकणार.

पुढची चूक आकड्यांची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, हे सगळेच सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. 1 मिमी पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. 10 बाय 10 च्या खोलीच्या पत्र्यावर त्या दिवशी जवळपास 8,800 लिटर पडलं, म्हणजे 500 लिटरच्या सतरा-अठरा टाक्या. तेही एकाच खोलीवर! मात्र ‘तो पाऊस हवामान बदलानेच पडला’ असं ठोकून देऊ नका. एका दिवसाचा पाऊस वेगळा आणि 30 वर्षांच्या सरासरीवरून ठरणारं हवामान वेगळं. हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून कमी वेळात धो-धो कोसळण्याची शक्यता वाढते. एवढंच सांगा, ते पुरेसं आहे.

पाणी तुंबलं की ‘तुम्ही नाल्यात पिशव्या टाकता म्हणून’ असं म्हणणारा वक्ता पुढच्या वेळी कोणाला नको असतो. कचऱ्याने नाला अडतो हे खरंच आहे, पण अर्धंच. मोठ्या भरतीत समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडाच्या वर जाते, मग पाणी आपसूक बाहेर पडत नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथले पंप बसवले ते त्यासाठीच. महापालिका दर पावसाळ्यात 4.5 मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. ती यादी सोसायटीच्या किंवा चाळ कमिटीच्या फळ्यावर लावा. लावताना एक खुलासा न विसरता करा, कारण इथे हमखास गैरसमज होतो: 4.5 मीटर म्हणजे रस्त्यावर एवढं पाणी नव्हे आणि समुद्र तेवढा वाढला असंही नव्हे. ती उंची समुद्राच्या एका ठरावीक नीचांकी पातळीपासून मोजलेली असते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास जातात, हे माहीत असलं की सामान पोटमाळ्यावर कधी चढवायचं ते ठरवता येतं. कोळीवाड्यात मात्र भरती शिकवायला जाऊ नका, तिथे विचारायला जा.

प्रयोग फसतात ते इथे. समुद्र का वाढतो हे दाखवायला लोक पेल्यात पाणी आणि बर्फ घेतात. बर्फ वितळतो, पाणी होतं तिथेच राहतं, आणि पोरं हसतात. पोरांचं बरोबर असतं, तरंगणारा बर्फ वितळून पातळी वाढत नाही. जमिनीवरचा बर्फ दाखवायचा, म्हणून थाळ्यात वाटी पालथी घाला, थाळ्यात तिच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी ओता, खूण करा आणि बर्फ वाटीवर ठेवा.

दुसरं कारण म्हणजे तापलेलं पाणी फुगतं. त्यासाठी सॉसची काचेची बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरा, झाकणाला भोक पाडून स्ट्रॉ घाला आणि फट एम-सीलने किंवा कणकेने बंद करा. स्ट्रॉमधल्या पाण्यावर खूण करून बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पाणी उकळतं नको, काच तडकते. सुरुवातीला पातळी किंचित उतरते, कारण आधी काच तापून फुगते, घाबरू नका. पाणी एकदम भसकन वर आलं तर आत हवेचा बुडबुडा राहिलाय, पुन्हा भरा. प्लास्टिकची बाटली घेऊ नका, ती मऊ पडून आकार बदलते.

उन्हाळ्याचं सांगताना नुसतं तापमान सांगणं मुंबईत फसवं ठरतं. इथे 34 अंशालाही जीव नकोसा होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. आर्द्रताही दाखवणारं मीटर घ्या. पत्र्याची खोली आणि स्लॅबची खोली, दोन्हीकडे दुपारी 2 ते 3 च्या दरम्यान, जमिनीपासून 4 फुटांवर, भिंतीला न टेकवता 20 मिनिटं ठेवून आकडा घ्या. पंखा लावूनही आकडा उतरला नाही तर मीटर बिघडलेलं नाही, पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. मग एका पत्र्याला पांढरा चुना मारा आणि आठवड्याने ऊन तसंच असताना पुन्हा मोजा. चुना पावसात धुऊन जातो, दर उन्हाळ्याआधी मारावा लागतो, हे आधीच सांगून टाका.

झाडं 5 जूनला, पर्यावरण दिनालाच, लावायचा हट्ट सोडा. मुंबईत मान्सून सरासरीने 11 जूनला येतो. फोटो निघतो आणि रोप वाळतं. पाऊस धरल्यावर लावा, बुंध्याभोवती किमान 3 बाय 3 फूट माती उघडी ठेवा आणि पाणी कोण घालणार त्याचं नाव फळ्यावर लिहा.

त्याच फळ्यावर जून ते सप्टेंबर रोज सकाळी 8:30 ला पाऊस लिहायला सुरुवात करा, हवामान खात्याच्या रोजच्या नोंदीची हीच वेळ. सरळ बाजूंचा डबा उघड्या गच्चीवर, भिंतीपासून लांब ठेवायचा आणि आतलं पाणी पट्टीने मोजायचं. वळचणीखाली ठेवलात तर आकडे भलतेच येतील.