कन्सोलवर 'फेल्ड' दिसतंय, पण अडलंय कुठे? ऑफिसच्या संगणकांवरचं आपोआप इन्स्टॉल असं तपासा

ऑफिसच्या संगणकांवर दुरून ॲप पाठवणाऱ्या यंत्रणेच्या कन्सोलवर लाल खूण दिसली की बरेच ॲडमिन ती ॲसाइनमेंट (ॲप कुणाला द्यायचं ती नेमणूक) काढून पुन्हा लावतात. दुसऱ्या दिवशी लाल खूण परत हजर. 'फेल्ड' या शब्दातून फक्त गाडी अडली एवढंच कळतं, कुठल्या स्टेशनावर ते कळत नाही. ते संगणकावर जाऊनच शोधावं लागतं. इथे उदाहरण घेतलंय मायक्रोसॉफ्ट इन्ट्यून या संगणक दुरून सांभाळणाऱ्या सेवेतून विंडोजवर पाठवलेल्या विन३२ ॲपचं, म्हणजे नेहमीच्या इन्स्टॉलरने बसणाऱ्या ॲपचं. तुमच्याकडे दुसरं साधन असलं, तरी प्रश्न हेच चार: हुकूम पोचला का, फाइल उतरली का, इन्स्टॉलर नीट चालला का, आणि काम झाल्याचं यंत्रणेला पटलं का.

१. हुकूम पोचला का?

सेटिंग्जमध्ये ॲकाउंट्स, त्यात 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल', तिथे ऑफिसच्या खात्याखाली 'इन्फो'. शेवटचं सिंक कधी झालं ते इथे दिसतं. मग सर्व्हिसेस उघडून 'मायक्रोसॉफ्ट इन्ट्यून मॅनेजमेंट एक्स्टेन्शन' चालू आहे का बघा. ही सर्व्हिस नव्या कामाची चौकशी साधारण तासाला एकदा करते, त्यामुळे ॲप लावल्यावर दहा मिनिटांत काही दिसलं नाही तर घाबरू नका. 'नॉट ॲप्लिकेबल' दिसत असेल तर तो बिघाड नाही. विंडोजची आवृत्ती किंवा डिस्कवरची जागा तुम्हीच घातलेल्या अटीत बसत नाहीये.

२. लॉग उघडा

लॉग म्हणजे यंत्रणेने काय काय केलं त्याची नोंदवही. सी ड्राइव्हवर 'प्रोग्रामडेटा' हे लपवलेलं फोल्डर आहे. त्यात 'मायक्रोसॉफ्ट', मग 'इन्ट्यूनमॅनेजमेंटएक्स्टेन्शन', मग 'लॉग्ज'. ॲप्सची हकीकत आता 'ॲपवर्कलोड' नावाच्या फाइलमध्ये असते. नोटपॅडमध्ये वाचत बसू नका. मायक्रोसॉफ्टचंच सीएमट्रेस हे लॉग वाचायचं साधन वापरा, त्यात चुकीच्या ओळी लाल दिसतात. ॲपचं नाव टाकून काही सापडलं नाही तर त्याचा आयडी टाकून शोधा. कन्सोलमध्ये ॲपचं पान उघडलं की ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये तो लांबलचक आयडी असतो.

डाउनलोडच अडलं असेल तर प्रॉक्सी, फायरवॉल आणि डिस्कवरची जागा एवढं तपासून पुढे चला.

३. एक्झिट कोड वाचा

एमएसआय इन्स्टॉलर (विंडोजच्या ठरावीक पॅकेजचा प्रकार) जाता जाता एक आकडा ठेवून जातो, तोच एक्झिट कोड. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजेही झालंच, फक्त रीस्टार्ट हवा. हा कोड बघून ॲप पुन्हा पाठवणारे लोक आहेत, त्यांनी वेळ वाचवावा. १६१८ म्हणजे त्या क्षणी दुसरं इन्स्टॉल चालू होतं, थोडं थांबा. १६१९ म्हणजे पॅकेजची फाइल उघडताच आली नाही. तेव्हा कमांडमधलं फाइलचं नाव आणि पॅकेजमधलं नाव जुळतंय का ते आधी बघा.

१६०३ मात्र डोकेदुखी. त्याचा अर्थ 'काहीतरी गंभीर बिघडलं', यापलीकडे काही नाही. अशा वेळी इन्स्टॉलच्या कमांडमध्ये सविस्तर लॉगचा स्विच घाला आणि तयार झालेल्या लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा. खरं कारण बहुधा त्या ओळीच्या थोडं वर सापडतं: कुठे परवानगी नाकारली, कुठे फाइल वापरात होती, कुठे जुनी आवृत्ती निघायला तयार नव्हती.

४. 'माझ्याकडे तर चालतंय!'

चालणारच. तुम्ही ॲडमिन म्हणून लॉग-इन करून डबल-क्लिक करता. इन्ट्यून तेच काम सहसा 'सिस्टम' नावाच्या खात्यातून करतं. या खात्याला तुमचा मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह माहीत नाही आणि तुमच्या प्रोफाइलमधली सेटिंग्जही दिसत नाहीत. त्यातून इन्स्टॉलरने 'ओके' दाबायला सांगणारी खिडकी उघडली, तर ती ज्या सेशनमध्ये उघडते तो कुणाच्याच पडद्यावर नसतो. बिचारा उत्तराची वाट बघत राहतो आणि ६० मिनिटांची ठरलेली मुदत संपली की कन्सोलवर अपयश नोंदवलं जातं. म्हणून चाचणी सिस्टम खात्यातूनच करा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातल्या पीएसएक्झेकने त्या खात्याची कमांड विंडो उघडता येते. तिथे तुमची कमांड एकही प्रश्न न विचारता पूर्ण झाली, तरच ती पाठवण्यालायक.

आणखी एक खोच. इन्ट्यूनची ही सर्व्हिस ३२ बिटची आहे. तिच्यातून चाललेली स्क्रिप्ट 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहायला गेली की 'एक्स८६'वाल्या फोल्डरमध्ये पोचू शकते. रजिस्ट्रीतही (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) तसंच होतं.

५. झालं, पण पटलं नाही

ॲप उघडतंय, वापरणारा खूश आहे, तरी कन्सोल लाल. कन्सोलवरच्या एरर कोडच्या शेवटी '१०४१सी' दिसलं तर दोष डिटेक्शन रूलचा, म्हणजे ॲप बसलंय का हे ओळखायच्या नियमाचा. पाथ ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे आधी बघा. मग आवृत्ती. ब्राउझरसारखी ॲप्स स्वतःच अपडेट होतात, त्यामुळे 'आवृत्ती बरोबर अमुक' हा नियम थोड्याच दिवसांत खोटा पडतो. 'अमुक किंवा त्यापुढची' असा ठेवा.

उलटंही होतं. कन्सोल हिरवं, पण जुनी आवृत्ती अजून जिवंत. कुणीतरी ॲप फक्त स्वतःपुरतं टाकलेलं असतं. ती प्रत 'ॲपडेटा'मध्ये राहते आणि सगळ्या संगणकासाठीच्या इन्स्टॉलरला सहसा दिसतच नाही. ती वेगळी काढावी लागते.

६. रीस्टार्ट खरंच झाला का?

'रोज बंद करूनच घरी जातो हो!' हे खरं असतं आणि तरीही उपयोगाचं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन'ने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, 'रीस्टार्ट'ने होतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या संगणकावर कित्येक दिवसांचा आकडा दिसला तर अर्धवट राहिलेल्या अपडेट्सचं कारण सापडलं.

विंडोजचे स्वतःचे अपडेट अडले असतील तर त्या संगणकावर जुन्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरची (ऑफिसमधूनच विंडोजचे अपडेट वाटणारा सर्व्हर) पॉलिसी राहून गेली आहे का, हे मी सगळ्यात आधी बघेन. सर्व्हर कधीच बंद झालेला असतो, संगणक मात्र त्याचंच दार ठोठावत असतो. त्यानंतर डिस्कवरची जागा. मग विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड: डिसमचं 'रिस्टोअर हेल्थ' आणि त्यामागून एसएफसी.

७. दुरुस्तीनंतर पुन्हा पाठवताना

इन्ट्यून फसलेलं इन्स्टॉल पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा करून बघतं, मग २४ तास त्याला हात लावत नाही. घाई असेल तर रजिस्ट्रीत इन्ट्यून मॅनेजमेंट एक्स्टेन्शनच्या 'विन३२ॲप्स'खाली 'जीआरएस' नावाची की (नोंदींचा कप्पा) आहे. तिच्यातली त्या ॲपची नोंद काढा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. नोंद काढण्याआधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा. हे एका-दोन चाचणीच्या संगणकांवरच करा. तिथे हिरवं दिसलं की बाकीच्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप मिळू द्या.