फिका पडलेला अभिनय कसा पारखावा: ‘स्टार वॉर्स’च्या पूर्वकथेच्या आधाराने

‘स्टार वॉर्स’ ही चित्रपटमालिका 1977 साली सुरू झाली. तिच्या चाहत्यांमध्ये जवळजवळ प्रत्येक गोष्टीवरून वाद होतात. पण 1999, 2002 आणि 2005 साली आलेल्या तीन पूर्वकथापटांमधला अभिनय पुष्कळ ठिकाणी फिका पडला आहे, याबद्दल फारसे दुमत नसते. माझेही मत तेच आहे. मात्र एवढे म्हणून थांबल्यास अभिनयाविषयीची आपली समज तसूभरही वाढत नाही, कारण या चित्रपटांत इवान मॅकग्रेगर, लीअम नीसन, सॅम्युअल एल. जॅक्सन आणि पुढे ‘ब्लॅक स्वान’साठी ऑस्कर मिळवणारी नॅटली पोर्टमन अशी माणसे आहेत. इतके जाणते नट एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली एकाच वेळी अवघडलेले दिसतात, तेव्हा दोष फक्त नटांचा आहे असे मानणे तर्काला धरून नाही. तो कुठे, किती आणि कोणाचा आहे हे शोधण्यासाठी मी जी पद्धत वापरत आलो आहे, ती येथे मांडतो. कोणत्याही लांबलेल्या चित्रपटमालिकेला ती लागू पडेल; उदाहरणे मात्र याच मालिकेतली घेतो, कारण चांगला आणि फिका अभिनय तिच्यात अगदी शेजारी शेजारी सापडतो.

पहिली अट अशी की चित्रपट मूळ भाषेत पाहावा. डब केलेल्या आवृत्तीत नटाचा आवाजच बदललेला असतो आणि आवाज गेला की अभिनयाचा निम्मा पुरावा गेला. याच मालिकेत डार्थ व्हेडर या मुखवटाधारी खलनायकाच्या वेशात मूळ तीन चित्रपटांत शरीर डेव्हिड प्राऊस यांचे होते आणि आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा. ती भूमिका लोकांच्या मनात ठसली त्यात आवाजाचा वाटा केवढा मोठा होता, हे वेगळे सांगायला नको. दुसरी अट अशी की संपूर्ण चित्रपटाविषयी एकदम मत देऊ नये. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडावा, तो एकदा नेहमीप्रमाणे, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकावा, आणि प्रत्येक वेळी मनात काय उमटले ते कागदावर लिहून ठेवावे. हे तीन फेरे कंटाळवाणे वाटतील, पण ते टाळू नयेत. केवळ ऐकताना खटकलेला प्रसंग आवाजाविना पाहताना नीट वाटला, तर दोष शब्दांत किंवा संवादफेकीत आहे. उलट झाले, तर तो देहबोलीत, कॅमेऱ्यात किंवा संकलनात शोधावा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. प्रसंगातले वाक्य आपण स्वतः मोठ्याने म्हणून पाहावे. 2002 सालच्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’मध्ये शेकोटीपाशी बसलेला अनाकिन (पुढे हाच व्हेडर होतो) आपल्या प्रेयसीला, पद्मेला जे सांगतो, त्याचा आशय असा आहे: तू मला द्यायला नको होतेस त्या चुंबनाचा व्रण राहू नये, या आशेने माझे हृदय धडधडते आहे. हे वाक्य मूळ इंग्रजीत किंवा आपल्या भाषेत, जसे जमेल तसे, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून म्हणावे. दोनदा-तीनदा प्रयत्न केल्यावर लक्षात येते की वाक्याचा भार कोणत्या शब्दावर द्यावा हेच ठरत नाही, कारण बोलणाऱ्याला काय हवे आहे ते वाक्यात नाही. आहे ती फक्त एक उपमा. मूळ चित्रपटांत हान सोलो झालेले हॅरिसन फोर्ड यांनी पहिल्या चित्रपटाच्या वेळीच मालिकेचे जनक आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांना सुनावले होते की हे टाइप करता येईल, पण बोलता येणार नाही. ती तक्रार पंचवीस वर्षांनंतरही तितकीच खरी होती. जड, अलंकारिक भाषा मुळातच वाईट असते असे येथे म्हणायचे नाही. आपल्या पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांत याहून कितीतरी भरजरी वाक्ये नटांनी पेलली आहेत. पण त्या वाक्यांना लय होती, श्वास घ्यायला जागा होती आणि महिनाभराची तालीम पाठीशी होती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण 1980 सालच्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये आहे. हान सोलोला गोठवण्यासाठी खाली सोडले जात असताना लेया त्याला म्हणते, ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’, आणि तो उत्तर देतो, ‘मला माहीत आहे’. संहितेत हे उत्तर नव्हते. दिग्दर्शक अर्विन कर्शनर आणि फोर्ड यांनी चित्रीकरणाच्या वेळी निरनिराळी उत्तरे करून पाहिली आणि त्यांतून हे निघाले. येथे नट मोठा आहेच, पण वाक्य मोडून पुन्हा घडवण्याची मोकळीक त्याला मिळाली हेही तितकेच मोठे आहे. पूर्वकथापटांत लुकस स्वतः पटकथा लिहीत होते, स्वतः दिग्दर्शन करीत होते आणि 1977 नंतर थेट 1999 साली, म्हणजे बावीस वर्षांनी, पुन्हा दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसले होते. दृश्यरचना, यंत्रे, आवाज आणि संकलन यांवरची त्यांची पकड असामान्य आहे. नटांशी बोलणे हा त्यांचा पिंड कधीच नव्हता. पहिल्या चित्रपटातले कलाकार सांगत आले आहेत की टेक संपल्यावर त्यांच्याकडून ‘आणखी वेगाने, आणखी उत्कटपणे’ एवढीच सूचना येत असे. म्हणून एखाद्या प्रसंगातले सर्वच नट सारखेच अवघडलेले दिसले, तर दिग्दर्शकाकडे बोट दाखवायला हरकत नाही. एकच नट अवघडलेला आणि बाकीचे सहज असले, तर तो निष्कर्ष घाईने काढू नये.

आता नटासमोर प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये नायक ल्यूकची भूमिका करणारे मार्क हॅमिल यांच्यासमोर योडा या छोट्या, वृद्ध गुरूची बाहुली होती आणि उचललेल्या जमिनीखाली लपून फ्रँक ऑझ ती हलवीत आणि बोलवीत होते. बाहुली असली तरी ती उत्तर देत होती, मान तिरकी करीत होती, आणि हॅमिल यांचे डोळे तिच्यावर खरोखर स्थिरावलेले दिसतात. 2002 साली योडा संगणकावर घडवला गेला. त्याच चित्रपटातल्या क्लोन सैनिकांचे एकही चिलखत प्रत्यक्षात शिवले अथवा घडवले गेले नाही. सगळे सैन्य नंतर भरले गेले. देखावा नंतर संगणकाने भरण्यासाठी लावलेल्या निळ्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या नटाला अंतर, उजेड, गोंगाट, भीती या सगळ्यांची कल्पनाच करावी लागते, आणि ती प्रत्येकाने आपापली केली की एकाच चौकटीतली तीन माणसे तीन वेगळ्या जागी उभी असल्यासारखी भासतात. हे ओळखण्यासाठी नजर पाहावी. नट दूरवरच्या गोष्टीकडे पाहताना डोळे बारीक करतो का, तिच्यासोबत नजर सरकवतो का, की नुसते तोंड त्या दिशेला वळवतो?

मात्र निळ्या पडद्याची सबब सरसकट लावू नये. वाळूविषयीचे ते प्रसिद्ध बोलणे घ्या, ज्यात अनाकिन म्हणतो की मला वाळू आवडत नाही, ती खरखरीत असते, टोचते आणि सगळीकडे शिरते. हा प्रसंग इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या व्हिला देल बाल्बियानेल्लोच्या सज्जात चित्रित झाला आहे. मागे खरे पाणी, खरे डोंगर, अंगावर खरा उजेड आणि समोर पद्मे झालेली खरी पोर्टमन आहे. तरीही प्रसंग उभा राहत नाही. हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे आणि माझे मत असे झाले आहे की वाक्यामागचा विचार मुळात चांगला आहे: वाळवंटी ग्रहावर गुलाम म्हणून वाढलेला मुलगा, किनाऱ्यावरच्या सुखी बालपणाच्या आठवणी सांगणाऱ्या मुलीला, वाळू म्हणजे माझ्यासाठी काय होती हे सांगू पाहतो आहे. पण संहितेत गुलामगिरीचा उल्लेख नाही, आईची आठवण नाही. आणि वाळूच्या तक्रारीवरून तो लगेच इथे सगळे मऊ आहे असे म्हणत तिला हळूच स्पर्श करतो. दुःखावरून लाघवीपणाकडे जाण्यासाठी जो एक विराम हवा होता, तो लेखनात नाही, दिग्दर्शनात नाही आणि अनाकिन झालेल्या हेडन क्रिस्टेन्सनच्या बोलण्यातही नाही. येथे तिघेही वाटेकरी आहेत. नटाचा वाटा असा की त्याने वाक्याचा शेवट सारखा खाली टाकला आहे, त्यामुळे आठवण आणि आर्जव एकाच सुरात ऐकू येतात.

संकलनाविषयी थोडक्यात सांगतो. डिजिटल तंत्रामुळे एका टेकमधला डावीकडचा नट आणि दुसऱ्या टेकमधला उजवीकडचा नट एकाच चौकटीत जोडता येतो, आणि लुकस यांनी पूर्वकथापटांत हे तंत्र वापरले. अशा वेळी दोघे एकमेकांचे ऐकून बोलत नसतात. प्रश्न आणि उत्तर यांमधला अवकाश प्रत्येक वेळी सारखाच वाटला, तर हा संशय जरूर घ्यावा.

सपाट वाटणारा अभिनय हेतुपुरस्सर आहे का, हेही तपासले पाहिजे. 1999 सालच्या ‘द फँटम मेनेस’मध्ये राणी अमिडालाचा, म्हणजे पद्मेचाच, खालच्या पट्टीतला, भावनाहीन आवाज अनेकांना खटकतो. परंतु राणीच्या जागी कधी खरी राणी तर कधी तिची बतावणी करणारी दासी बसते, ती दासी केरा नाइटलीने केली आहे, आणि दोघी ओळखू येऊ नयेत हाच कथेचा डाव आहे. रंगवलेला चेहरा आणि एकसुरी आवाज हा राजदरबारी मुखवटा आहे. पोर्टमन दासीच्या वेशात बोलते तेव्हा तिचा आवाज लगेच मोकळा होतो. म्हणून 1999 सालच्या सपाटपणाला मी दोष देत नाही. 2002 सालच्या प्रेमप्रसंगांत मुखवट्याचे कारण उरलेले नसतानाही तोच सपाटपणा राहतो, तिथे मात्र देतो. जेडाय, म्हणजे मालिकेतले व्रतस्थ योद्धे, संयमी असतात ही सबबही अशीच तोलून घ्यावी, कारण नीसन यांचा क्वाय-गॉन संयमी असूनही त्याची लहानग्या अनाकिनविषयीची माया लपत नाही, तर जॅक्सन यांना पुष्कळदा नुसते बसून निर्णय सांगण्यापलीकडे काही करायलाच दिलेले नाही.

दोन भूमिकांबाबत वेगळा नियम पाळावा, असे मला मनापासून वाटते. लहानगा अनाकिन झालेला जेक लॉइड 1997 साली चित्रीकरणाच्या वेळी आठ वर्षांचा होता. इतक्या लहान मुलाचा अभिनय फसला, तर तो निवड करणाऱ्याचा आणि दिग्दर्शकाचा प्रश्न आहे. मुलाच्या नावाने लिहू नये. जार जार बिंक्स या संगणकावर घडवलेल्या विनोदी पात्राची भूमिका करणारे अहमद बेस्ट यांनी सेटवर उभे राहून नटांसोबत प्रत्यक्ष काम केले, चाल आणि आवाज दिला, संगणकीय पात्राच्या अभिनयात नवी वाट पाडली. त्यांच्यावर इतका विखारी राग निघाला की आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलो होतो, असे त्यांनी 2018 साली जाहीरपणे सांगितले. पात्र कसे लिहिले गेले आणि नटाने ते कसे केले, हे दोन रकाने वहीत वेगळे ठेवले की अशी चूक आपल्या हातून होत नाही.

एवढे सगळे वजा केल्यावर जे उरते ते नटाचे, आणि ते ठरवण्यासाठी त्याच नटाचे दुसरे काम पाहावे. क्रिस्टेन्सनला 2002 आणि 2005 सालच्या चित्रपटांसाठी सर्वांत वाईट साहाय्यक अभिनेत्याचा ‘रॅझी’ मिळाला. त्याच क्रिस्टेन्सनला 2001 सालच्या ‘लाइफ अॅज अ हाउस’साठी गोल्डन ग्लोबचे नामांकन होते आणि 2003 सालच्या ‘शॅटर्ड ग्लास’मधला त्याचा खोटारडा वार्ताहर चांगलाच वाखाणला गेला. दुसरे काम हाताशी नसेल, तर त्याच चित्रपटातला शब्दांविना प्रसंग शोधावा. 2005 सालच्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये सूर्य मावळताना अनाकिन जेडाय मंडळाच्या दालनात एकटा आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला पद्मे आपल्या घरात आहे, दोघे एकमेकांच्या दिशेने पाहतात आणि कोणीही एक शब्द बोलत नाही. त्याच्या गालावरून अश्रू ओघळतो आणि निर्णय झाल्याचे आपल्याला कळते. संवाद काढून घेतला की हा नट कसा उभा राहतो, ते येथे डोळ्यांनी दिसते.

त्याच चित्रपटातला रंगमंदिराचा प्रसंग तर या पद्धतीची उत्तम परीक्षा आहे. दोन माणसे शेजारी शेजारी बसली आहेत, हालचाल जवळजवळ नाही, आणि चॅन्सलर पाल्पाटिन एका जुन्या सिथची, म्हणजे जेडायांच्या वैऱ्यांपैकी एकाची, गोष्ट अनाकिनला सांगतो. लेखक, दिग्दर्शक आणि तंत्र तेच आहे, तरी प्रसंग खिळवून ठेवतो. पाल्पाटिन झालेले इअन मॅकडायर्मिड लंडनच्या अल्मेडा थिएटरचे अनेक वर्षे संयुक्त कलादिग्दर्शक होते आणि कठीण वाक्य कुठे तोडायचे हे त्यांना रंगभूमीवरून ठाऊक आहे. ते आवाज खाली आणतात, महत्त्वाच्या शब्दाआधी थांबतात, आणि गोष्ट सहज आठवली म्हणून सांगतो आहे असा आव आणतात. म्हणजे जड संहितेतूनही वाट काढता येते, आणि म्हणूनच इतर नटांचा दोष मी पूर्ण माफ करत नाही. हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना मात्र नजर क्रिस्टेन्सनवर ठेवावी. तो येथे ऐकतो आहे, आणि चांगले ऐकतो आहे.

ही पद्धत हाताला बसली की 2022 सालच्या ‘ओबी-वान केनोबी’ या मालिकेचा शेवटचा, सहावा भाग काढावा. व्हेडरचा मुखवटा अर्धा फुटला आहे, क्रिस्टेन्सनचा एक डोळा आणि थोडा चेहरा दिसतो, आणि त्याच्या आवाजात व्हेडरचा आवाज मिसळत राहतो. अनाकिनला तू मारले नाहीस, मी मारले, असे तो सांगतो. वाक्ये छोटी आहेत, समोर ओबी-वान झालेला खरा मॅकग्रेगर आहे. प्रसंग आधी आवाज बंद ठेवून पाहावा आणि त्या एका डोळ्यात काय चालले आहे ते लिहून काढावे, मग डोळे मिटून ऐकावे, आणि ती टिपणे वाळूच्या प्रसंगाच्या टिपणांशेजारी ठेवून वाचावीत.