गहू सोडण्याआधी रक्त द्या: सिलिअ‍ॅकच्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात

ग्लुटेनचा (गहू, बार्ली, राय या धान्यांतल्या प्रथिनाचा) त्रास होतोय अशी शंका आली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "महिनाभर गहू बंद करून बघ, बरं वाटलं तर समज." या सल्ल्याने पुढची सगळी तपासणी बिघडते. सिलिअ‍ॅक म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याच्या रक्तचाचण्या आणि बायोप्सी (आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासणे), दोन्हींत ग्लुटेनमुळे शरीरात काय घडते तेच शोधले जाते. ग्लुटेन पोटात जातच नसेल तर शोधायचे काय? तेव्हा गहू, बार्ली, राय अजून खात असाल तर शेवटचा रिपोर्ट हातात येईपर्यंत खात राहा. आधीच सोडले असेल तर तिसरी पायरी नीट वाचा.

१. रक्त: दोन चाचण्या, एकाच वेळी

टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए. उपाशीपोटी जायची गरज नाही.

दुसरी चाचणी बरेचदा लिहून दिली जात नाही, ती मागून घ्या. टीटीजी-आयजीए ही आयजीए प्रकारची प्रतिपिंडे मोजते. काही लोकांच्या शरीरात आयजीए जवळजवळ तयारच होत नाही, आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णांत असे दोन-तीन टक्के लोक असतात. त्यांचा टीटीजी-आयजीए आजार असूनही निगेटिव्ह येतो. टोटल आयजीए अगदीच कमी निघाले तर टीटीजी-आयजीजी किंवा डीजीपी-आयजीजी करायची; या चाचण्या आयजीजी या दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे मोजतात.

जुनी अँटिग्लायडिन चाचणी अजूनही काही पॅकेजांत दिसते. ती निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते, तिच्यावर पैसे घालवू नका. डीजीपी ही वेगळी आणि जास्त भरवशाची चाचणी आहे. नावे जवळची असल्याने गोंधळ होतो, म्हणून चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते बघून घ्या.

२. रिपोर्ट वाचताना

नुसता आकडा बघू नका. प्रत्येक किटची एकके वेगळी असतात, त्यामुळे एका लॅबचे ४० आणि दुसऱ्या लॅबचे ४० यांची तुलना होत नाही. आकडा त्या लॅबच्या कमाल मर्यादेच्या किती पट आहे ते काढा. जेमतेम वर गेलेला टीटीजी टाइप १ मधुमेहात किंवा यकृताच्या काही आजारांतही दिसतो. अशा वेळी ईएमए ही प्रतिपिंडांची दुसरी रक्तचाचणी करून घ्यावी. ती सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी वाचली जाते, म्हणून वाचणारा अनुभवी हवा. पण ती खोटी पॉझिटिव्ह क्वचितच येते.

निगेटिव्ह आली आणि लक्षणे मात्र ठळक आहेत? मग तीन गोष्टी तपासा: ग्लुटेन पुरेसे खात होतात का, आयजीए कमी आहे का, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू होते का.

३. गहू आधीच सोडला असेल तर

बहुतेकांची तपासणी इथेच फसते.

पुन्हा गहू सुरू करण्याआधी एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय चाचणी करा. आहाराचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद होतो आणि पुढचे आठवडे त्रास काढण्याचे कारणच उरत नाही. दोन्हींपैकी काही सापडले तर मात्र "सिलिअ‍ॅक निघाला" असे म्हणू नका. साधारण ३० ते ४० टक्के लोकांत ही जनुके असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. ही चाचणी फक्त नाही म्हणायला उपयोगी आहे.

एचएलए पॉझिटिव्ह असेल तर ग्लुटेन चॅलेंज करायचे: ठरलेल्या मात्रेत रोज ग्लुटेन खाऊन मग तपासणी. मोठ्यांसाठी दिवसाला ३ ते १० ग्रॅम ग्लुटेन. गव्हाच्या पावाच्या एका स्लाइसमध्ये ते साधारण २ ग्रॅम असते, तर ३० ग्रॅम गव्हाच्या पिठात अडीच-तीन ग्रॅम. पीठ वजन करून घ्या. बिस्किटे आणि तयार पदार्थांचा हिशेब लागत नाही. ओट्स यात धरायचे नाहीत.

किती दिवस? "दोन आठवडे पुरेत" हे अर्धवट ऐकलेले असते. दोन आठवड्यांत अनेकांच्या आतड्यात बदल दिसू लागतात, पण रक्तातली प्रतिपिंडे त्यामागून वाढतात. म्हणून दोन आठवड्यांनी रक्त निगेटिव्ह आले तर त्याला काही अर्थ नाही. जमत असेल तर सहा ते आठ आठवडे रेटा. त्रास सहन होत नसेल तर दोन आठवडे कसेबसे पूर्ण करून थेट बायोप्सीबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि एंडोस्कोपीची तारीख चॅलेंज सुरू करतानाच ठरवा. नाहीतर आठ आठवडे खाऊन झाल्यावर पुढचे चार तारखेची वाट बघण्यात जातात.

चॅलेंज वाया जाते ते नेहमीच्याच कारणांनी. शेवटच्या तीन दिवसांत एकदम भरपूर खाणे, एक दिवस आड खाणे, पोट दुखले की दोन दिवस सुट्टी घेणे. रोज थोडे, न चुकता, हाच नियम. आणि पहिल्याच दिवशी पोट फुगले म्हणजे निदान झाले असे धरू नका. गव्हातल्या फ्रुक्टॅन या कर्बोदकानेही पोट फुगते, त्याचा ग्लुटेनशी संबंध नाही.

हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. गव्हाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मुळीच करू नये. गरोदरपणात टाळा. पाच वर्षांखालील मुलांत आणि वयात येतानाच्या वाढीच्या काळातही तो सहसा टाळतात.

४. बायोप्सी

एंडोस्कोपीच्या आधीच विचारा: तुकडे किती घेणार? लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे ड्युओडेनममधून, किमान चार आणि त्याच्या अगदी तोंडाशी असलेल्या बल्बमधून एक-दोन. इजा ठिगळाठिगळाने असते, दोनच तुकडे घेतले तर नेमकी निरोगी जागा हाती लागू शकते.

रिपोर्टमध्ये मार्श श्रेणी असते. मार्श ३ म्हणजे आतड्याचे अंकुर झिजलेले. मार्श १ मध्ये फक्त लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या असतात आणि ते इतर अनेक कारणांनी होते. अंकुर झिजण्यालाही जिआर्डियाचा संसर्ग किंवा ओल्मेसार्टन हे रक्तदाबाचे औषध कारणीभूत असू शकते, त्यामुळे रक्ताचा आणि बायोप्सीचा निकाल एकत्रच वाचावा.

मुलांना सूट आहे: २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार टीटीजी-आयजीए कमाल मर्यादेच्या १० पट किंवा जास्त असेल आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमएही पॉझिटिव्ह आली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येते.

५. सगळे निगेटिव्ह, तरी त्रास

ग्लुटेन संवेदनशीलतेची (सिलिअ‍ॅक नसतानाही ग्लुटेनने त्रास होण्याची) प्रयोगशाळेत होणारी चाचणी अस्तित्वात नाही. केस, लाळ, विष्ठा यांवरून ती सांगणारे किट आणि शेकडो पदार्थांची आयजीजी यादी देणारे पॅनेल विकले जातात. आयजीजी वाढलेले असणे म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढेच.

आधी गव्हाची अ‍ॅलर्जी बाद करा: स्पेसिफिक आयजीई ही रक्तचाचणी किंवा त्वचेवरची प्रिक चाचणी. मग २०१५ चे सालेर्नो निकष वापरतात. सहा आठवडे ग्लुटेनमुक्त आहार घेऊन बरे वाटले, तर एक आठवडा रोज ८ ग्रॅम ग्लुटेन किंवा तसेच दिसणारे ग्लुटेनमुक्त मिश्रण, एक आठवडा विश्रांती, मग दुसरे. कोणत्या आठवड्यात काय होते हे रुग्णाला किंवा नोंद घेणाऱ्याला माहीत नसावे. लक्षणांत किमान ३० टक्के फरक पडला तरच निकाल पॉझिटिव्ह. घरी हे काटेकोर जमत नाही, पण निदान मिश्रण तिसऱ्याने बनवून पाकिटांवर नुसते क्रमांक टाकले तरी मनाचे खेळ बरेच कमी होतात.

सिलिअ‍ॅक निघालाच तर

फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) लगेच करा. आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही टीटीजी तपासा. आहार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा. तो पूर्ण उतरायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, पण उतरणीला लागलेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर आधी स्वयंपाकघरात आणि लेबलांवर लपलेले ग्लुटेन शोधा. आणि आकडा सामान्य आला तरी आतडे पूर्ण भरून आले असेलच असे नाही. लक्षणे चालू राहिली तर बायोप्सी पुन्हा करावी लागते.