पंप अ‍ॅक्शन बंदूक घेताय? एकनळीच्या सवयी तिच्यावर चालत नाहीत, या चुका टाळा

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बहुतेक घरात एकनळी बारा बोअर असते, आमच्याकडेही तीच होती. वडिलांनंतर परवाना माझ्या नावावर झाला आणि काही वर्षांनी मी एकनळी देऊन पंप अ‍ॅक्शन घेतली, कारण डुकरांचा कळप बागेत आला की एक बार काढून दुसरं काडतूस शोधेपर्यंत कळप वरच्या कुणग्यात गेलेला असायचा. पहिल्या वर्षात माझ्याकडून ज्या चुका झाल्या त्या जवळजवळ सगळ्या एकाच कारणाने झाल्या, हाताला सवय एकनळीची आणि हातात बंदूक पंपाची. गावातले अजून दोघं-तिघं आता पंप घ्यायच्या विचारात आहेत म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी जिवाशी खेळ होईल अशी चूक. एकनळी मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की नळीचं मागचं तोंड उघडं पडतं, काडतूस आहे की नाही ते डोळ्याला दिसतं, प्रश्नच मिटला. पंपात तसं नाही. नळीच्या खाली दुसरी नळी असते, मॅगझिन ट्यूब, तिच्यात चार-पाच काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात आणि बाहेरून काही कळत नाही. एकनळीवाला माणूस पंप, म्हणजे नळीखालची पुढे-मागे सरकणारी मूठ, मागे ओढतो, एक काडतूस टणकन बाहेर पडतं, त्याला वाटतं झाली रिकामी, आणि तो पंप पुढे ढकलतो. पुढे ढकलला की ट्यूबमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला जिथून बार उडतो तिथे, जाऊन बसतं. म्हणजे त्याच्या मते रिकामी बंदूक आता पूर्ण भरलेली आहे. हे मी स्वतः ओसरीवर केलंय, समोर अंगणात पोरं खेळत होती, आजही आठवलं की हात गार पडतात.

दुसरं, पंप लॉक असतो. हॅमर (बार उडवायला ठोका देणारा आतला भाग) ताणलेला असला की पंप मागे येत नाही, आणि नवीन माणूस तो सुटावा म्हणून ट्रिगर दाबायला जातो. कधीच करू नका. ट्रिगर गार्डच्या पुढे किंवा मागे (कंपनीप्रमाणे जागा बदलते) एक छोटं बटण असतं, ते दाबलं की पंप सुटतो. रिकामी करताना नळीचं तोंड मोकळ्या मातीकडे, सेफ्टी लावलेली, बोट ट्रिगरच्या बाहेर, बटण दाबून पंप हळू मागे आणायचा, चेंबरमधलं काडतूस हातात घ्यायचं, मग बंदूक उलटी धरून खालच्या खाचेत अंगठा घालून आतली कडी दाबायची म्हणजे ट्यूबमधली काडतुसं एकेक करून हातात येतात, पंप चालवत बसायची गरजच नाही. शेवटी ट्यूबच्या तोंडाशी स्प्रिंगच्या टोकाची टोपी दिसली पाहिजे आणि चेंबरमध्ये बोट घालून बघायचं. रात्री बॅटरीच्या उजेडापेक्षा बोटावर जास्त भरोसा ठेवा.

आणि सेफ्टी. बहुतेक पंप बंदुकांत सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, आतला हॅमर नाही. बागेत पाय घसरून बंदूक दगडावर आपटली तर सेफ्टी लावली होती हे कामाला येईलच असं नाही. म्हणून चालताना चेंबर रिकामं, काडतुसं ट्यूबमध्ये, हा माझा नियम आहे आणि तो मी कोणासाठीच मोडत नाही.

आता घेतानाच्या चुका. लोक नाव बघतात. रेमिंग्टन ८७० अमेरिकेत १९५० च्या सुमारास आली, मॉसबर्ग ५०० नंतर दहा-एक वर्षांनी, दोन्ही चांगल्याच आहेत, एकीची बॉडी स्टीलची आणि दुसरीची अ‍ॅल्युमिनियमची, पण आपल्याकडे खाजगी माणसाला परदेशी बंदूक आयात करणं कित्येक वर्षं बंद आहे, त्यामुळे जी काही जुनी बाजारात फिरते तिची किंमत अव्वाच्या सव्वा आणि एखादी स्प्रिंग गेली तर ती आणायची कुठून. माझं मत स्पष्ट आहे, ज्या बंदुकीचे पार्ट तुमच्या डीलरकडे मिळतात तीच घ्या. भिंतीवर टांगायला नाही घेत आहोत आपण, वापरायला घेतोय.

दस्त्याची लांबी कोणी बघत नाही आणि नंतर खांदा दुखतो म्हणून रडतात. रिकामी बंदूक घ्या, कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं बूड कोपराच्या आतल्या घडीत टेकवा, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचतंय का बघा. उंच लोकांच्या मापाचा दस्ता आपल्यातल्या पाच-सव्वापाच फुटी माणसाला लांब पडतो, मग पुढचा हात ताणला जातो आणि पंप पूर्ण ओढलाच जात नाही. वजन तीन-सव्वातीन किलो असतं, दुकानात हलकं वाटतं, रात्री दोन वाजता चढावर वाटत नाही. नळी लांब वाटली तर गावात कापून घेऊ असा विचार अजिबात नको, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे.

जुनी घेत असाल तर पार्ट उतरवून नळीतून उजेडाकडे बघा, आत कुठे काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असू शकते, ती बंदूक सोडून द्या. पंपाच्या मुठीपासून आत जाणाऱ्या लोखंडी पट्ट्या दोन असलेल्या बऱ्या, एकच असली की पंप वाकडा ओढला जाऊन अडकतो. चार डमी (दारू नसलेली, नकली) काडतुसं नेऊन जोरात आणि हळू दोन्ही प्रकारे चालवून बघा. आणि काही फार जुन्या मॉडेलमध्ये ट्रिगर दाबलेला ठेवून पंप पुढे नेला की बार आपोआप सुटतो, त्यामुळे पंप चालवताना बोट बाहेरच ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

चेंबरची लांबी नळीवर कोरलेली असते. ७० मिलिमीटर म्हणजेच पावणेतीन इंच असेल तर तीन इंची म्हणजे ७६ मिलिमीटरचं काडतूस घालू नका. ते न उडवलेलं असताना आत बसतंसुद्धा, कारण तोंड दुमडलेलं असतं, पण उडताना उघडायला जागा मिळत नाही आणि दाब फार वाढतो. तसंच घरात वीस बोअरची बंदूक (आकडा मोठा, पण नळी बारापेक्षा बारीक) असेल तर काडतुसं एका डब्यात ठेवू नका, वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे घसरून अडकतं, वरून बाराचं भरलं की नळी फाटते. वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी.

वापरताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पंप अर्धा ओढणं. घाबरत, हळूहळू ओढला की रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येतं आणि अडकतं, किंवा नवीन वर येतच नाही, मग माणूस म्हणतो बंदूक खराब आहे. बंदूक चांगली आहे. पंप ठोकून मागे, ठोकून पुढे, मध्ये थांबायचं नाही. डमी काडतुसांवर रोज वीस-पंचवीस वेळा आठवडाभर करा, हात आपोआप बसतो.

आता गंज, आणि कोकणात याच्यावर जेवढं बोलावं तेवढं कमी. खारा वारा आणि चार महिने पाऊस. लोक बंदूक कव्हरमध्ये घालून, चेन लावून, कपाटात ठेवतात आणि वाटतं जपून ठेवली. कव्हरचा फोम ओल धरून ठेवतो, गणपतीला काढाल तर नळीवर तांबडे ठिपके. कव्हर फक्त ने-आण करायला. घरी कुलूपबंद कपाटात उघडी, तेलाचा पातळ हात फिरवून, जवळ सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर महिन्याला बदलायच्या. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा काढून कोरड्या फडक्याने पुसायची, परत हात फिरवायचा, पाच मिनिटांचं काम आहे. हाताचा घाम पण गंज आणतो, कौतुकाने चार पाहुण्यांनी हाताळली की त्याच दिवशी पुसा.

खोबरेल लावू नका. आमच्याकडे कोयतीपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल, पण खाण्याचं तेल कालांतराने खवट आणि चिकट होतं, थंडीत थिजतं, आणि आत बोल्टमध्ये (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) गेलं की काडतुसाच्या बुडावर आपटणारी फायरिंग पिन जड होते. पाणी हाकलणारा स्प्रे भिजलेली बंदूक सुकवायला चांगला, पण ते वंगण नाही, त्याच्यावर बंदुकीचं किंवा पातळ मशीनचं तेल लागतंच. आणि तेल म्हणजे थेंब, धार नाही. जास्त तेलात धूळ आणि जळकी दारू बसून काळा चिखल होतो. ज्यांचा दस्ता लाकडी आहे त्यांनी बंदूक तोंड वर करून उभी ठेवली तर वरचं तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं, तेल लावल्यावर एक रात्र तोंड खाली करून ठेवा.

साफ करायला पंप सोपी आहे. रिकामी असल्याची दोनदा खात्री, मग मॅगझिन ट्यूबच्या टोकाची टोपी फिरवली की नळी सुटून हातात येते. मागच्या बाजूने ब्रश घाला, सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा, मग कोरडी चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. चेंबर विसरू नका, तिथे काळजी घेतली नाही तर उडालेलं काडतूस चिकटून बसतं. चोक (छर्रे किती फाकतील ते ठरवणारा नळीच्या तोंडाचा भाग) काढता येणारा असेल तर वर्षातून दोनदा काढून आट्यांना जरा ग्रीस, नाहीतर तो तिथेच गंजून एकजीव होतो. ट्रिगरचा जोड दोन पिना काढल्या की बाहेर येतो, इथपर्यंत ठीक, त्याच्या आतल्या स्प्रिंगा घरी सोडू नका.

निवडणुका आल्या की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करावी लागू शकते आणि ती महिना-दोन महिने कुठल्यातरी कोपऱ्यात उभी राहते. जमा करायच्या आदल्या दिवशी साफ करून नेहमीपेक्षा जाड तेल लावा, नळीतसुद्धा, आणि पावती जपा. परत आणल्यावर ते तेल नळीतून पूर्ण पुसून काढल्याशिवाय बार काढायचा नाही. शिवाय नळीत उजेड टाकून बघा. माझ्या नळीत एकदा कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं निघालं, बोटभर मातीचा बूच. तसाच बार काढला असता तर नळी हातात फुटली असती.

काडतुसं चुलीवरच्या माळ्यावर नको आणि देवघराच्या ओल्या भिंतीलाही नको. घट्ट झाकणाच्या डब्यात, विकत घेतल्याची तारीख लिहून, जुनी आधी वापरायची. बूड हिरवं पडलेलं किंवा फुगलेलं काडतूस डीलरला परत द्या.

अडलं तर काय बघायचं ते सांगतो. नुसतंच खट् वाजलं, बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा, बार उशिरा सुटू शकतो. मग काडतुसाचं बूड बघा, पिनेची खूण खोल असेल तर काडतूस ओलं, उथळ असेल तर बोल्टमध्ये चिकटा साचलाय. बार नेहमीपेक्षा फुसका वाजला तर तिथेच थांबा, रिकामी करून नळी बघा, आत काही अडकलं असेल. उडालेलं काडतूस निघत नसेल तर दस्ता जमिनीवर आपटू नका, आत भरलेलं आहे की उडालेलं हे अंधारात चुकीचं कळू शकतं. एकदम दोन काडतुसं बाहेर येत असतील तर ट्यूबच्या तोंडाची कडी सैल झाली आहे, आणि काडतूस ट्यूबमधून रखडत येत असेल तर स्प्रिंग थकली किंवा ट्यूबमध्ये माती आहे.

कडी सैल झाली की गावच्या लोहाराकडे जायचा मोह होतो, तो हुशार असतो, मी मान्य करतो, पण बंदूक दुरुस्त करायलाही कलम ५ प्रमाणे परवाना लागतो आणि तो त्याच्याकडे नसतो, अडचणीत तो पण येईल आणि तुम्ही पण. डीलरकडे नेताना काडतुसं घरी ठेवा, मूळ परवाना बरोबर घ्या, आणि दुरुस्तीला ठेवल्याची पावती बंदुकीच्या नंबरसकट लिहून घ्या.